मल्लिनाथ पाणी प्यायला

मार्गशीर्ष सरत आला की सोलापुरातसुद्धा मला ज्वारीचा वास येतो. खरं तर माझ्या खोलीमागं रान नाही. गिरणीची भिंत आहे आणि तिच्यापलीकडं राखेचा ढीग. पण खालच्या मजल्यावर मुरुमकडची एक बाई राहते. ती या दिवसांत ताकात ज्वारीचं पीठ कालवून मडक्यात आंबवायला ठेवते आणि तो आंबूस वास जिना चढून वर येतो. त्याच्या पाठोपाठ ज्वारीचाही येतो. दाण्यातलं दूध घट्ट होत असतानाचा, हिरवट, थोडा धुळीचा. मी खिडकी लावून घेतो.

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना अंबील, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे असा नैवेद्य दाखवायचा. बांधावरून जाणारा कुणीही असो, त्याला हाताला धरून बसवायचं आणि जेवू घालायचं. येळवशीला शिवारातून कुणी उपाशी जात नाही.

माझ्यासाठी येळवस हा सण राहिलेला नाही. तो एका सामन्यानंतरचा दिवस आहे.

माझी ओळख विचारली तर लोक अजून ‘मॅनेजर’ एवढंच सांगतात. गिरणीच्या फुटबॉल संघाचा मी अठरा वर्षं मॅनेजर होतो, त्याआधी मुरुमच्या संघाचा. त्याच्याही आधी मी खेळाडू होतो, हे आता कुणाला खरं वाटत नाही. सोलापूर इंग्रजी मुलखात, आमचं मुरुम निजामाच्या. मी इथं मामाकडं शिकायला होतो. शाळेत उजव्या कडेला खेळायचो. पायाला बूट नसत, घोट्याला जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. चेंडू कातड्याचा, पावसात भिजला की धोंड्यासारखा जड.

असाच एक भिजलेला चेंडू एका सामन्यात माझ्या छातीवर बसला. आम्ही लिंगायत. मुंज किंवा गंडा नसतो आमच्यात; लहानपणी स्वामी दीक्षा देतात आणि गळ्यात इष्टलिंग येतं. बोराएवढं काळं, कापडात बांधलेलं, दोऱ्यानं छातीवर सोडलेलं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मग तोंडात पाणी घालायचं. ते अंगावेगळं करायचं नसतं. माणूस मेल्यावरसुद्धा ते त्याच्या हातात ठेवूनच पुरतात. तर चेंडू त्या लिंगावर बसला आणि लिंग छातीत रुतलं. जखम झाली, चिघळली. घरी येऊन मी ते उतरवलं आणि खेळाच्या पिशवीत, पंपाशेजारी, तळाला ठेवलं. जखम भरली की घालू म्हणालो.

जखम भरली. मी घातलं नाही. मी नास्तिक झालो नव्हतो. कुणाशी वाद घातला नव्हता. फक्त हलकं वाटत होतं, पळायला बरं वाटत होतं. आईला कळू नये म्हणून गळ्यात नुसता दोरा ठेवला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं की दोरा तेवढा दिसायचा. खाली काही आहे की नाही, हे कोण बघतो?

पुढं गुडघा गेला. मी मुरुमला परतलो आणि गावातल्या पोरांचा संघ जमवला. त्या दिवसांत दुसरं महायुद्ध चालू होतं. रबराचं ब्लॅडर मिळत नसे. एकच चेंडू, त्याच्या ब्लॅडरला सायकलवाल्याकडून पाच ठिगळं लावलेली. मी रोज संध्याकाळी ते फुगवून पाण्याच्या बादलीत बुडवायचो आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचो. मॅनेजर म्हणजे हेच. बुडबुडा बघायचा, चुन्याच्या फक्कीनं मैदानाच्या रेघा आखायच्या आणि सरकारदरबारी अर्ज करायचा. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तर परवानगी लागे. सामना ठरला की मी उर्दूत अर्ज लिहून तहसिलीत द्यायचो. खाली अकरा खेळाडूंची नावं, बापाच्या नावासकट. तेवढ्याच अकरांनी खेळायचं. बारावा चालत नसे. मैदानावर पोलिसांचे अमीन खुर्ची टाकून बसत आणि माझा कागद हातात धरून तोंडं मोजत.

मल्लिनाथ माझ्या कागदावर पहिला असायचा. तेल्याचा मुलगा. घरी लाकडी घाणा, त्यामुळं अंगाला करडईच्या तेलाचा वास. वय असेल बावीस. आईशी कानडीत बोलायचा, आमच्याशी मराठीत, आणि चेंडूशी मात्र बोलत बोलतच खेळायचा. “ये की बा, ये,” असं पुटपुटत तो चेंडू पायात घ्यायचा आणि चेंडू यायचा. मी असं खेळलो नव्हतो कधी. मी पळायचो. तो थांबायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती पळायचे. मला तो अण्णा म्हणायचा.

त्या वर्षी नळदुर्गला, किल्ल्याच्या तटाखालच्या मोकळ्या जागेत, ढालीचे सामने झाले. शेवटचा सामना येळवशीच्या आदल्या दिवशी. आम्ही आणि नळदुर्गचे. रेफ्री सोलापूरहून आणलेले एक शाळामास्तर, नियमाचे पक्के. सामन्याआधी त्यांनी एकेकाचे हातपाय तपासले, नखं बघितली. मल्लिनाथच्या छातीवरून हात फिरवला आणि थांबले.

“हे टणक काय आहे?”

“लिंग हाय, मास्तर.”

“कुणाच्या कपाळाला लागलं तर? उतरवून ठेव.”

मास्तरांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. मल्लिनाथनंही वाद घातला नाही. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, “अण्णा, मी बसतो. तुमी खेळा.”

“दहा जणांनी?”

“खेळायचं की. न्हाय तर काय करायचं?”

आमचा गोलकीपर उस्मान गोलाच्या खांबाला टेकून ऐकत होता. “मनेजर साब,” तो म्हणाला, “ये मास्तर अब मेरे पाजामे का नाडा भी उतरवाता की क्या की.” पोरं हसली. मल्लिनाथही हसला. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात फक्त ढाल होती. खोटं कशाला सांगू, पोरांसाठी नव्हती ती. मला खेळाडू म्हणून काही मिळालं नव्हतं. गुडघा गेल्यावर लोक मला ‘पूर्वी खेळायचा’ असं म्हणायला लागले होते आणि मला ते सहन होत नव्हतं.

मी मल्लिनाथला बाजूला घेतलं. “हे बघ, माझ्या गळ्यात ठेव. माझं हायेच, त्याच्याशेजारी तुझं राहील. दुसऱ्या कुणाच्या हातात देतोस का तू? माझ्या अंगावर राहणार. तासाभराचा प्रश्न.”

त्यानं माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडं पाहिलं. त्या दोऱ्यावर विश्वास ठेवला. किल्ल्याकडं पाठ करून, डोळे मिटून त्यानं लिंग उतरवलं, डोळ्यांना लावलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातलं. कितीतरी वर्षांनी माझ्या छातीवर ते वजन आलं. दुसऱ्याचं.

मध्यंतरापर्यंत एक-एक बरोबरी होती. पोरं घागरीभोवती जमली. ऊन हिवाळ्याचं असलं तरी काळ्या रानातलं, भेगांतून वर येणारं. मल्लिनाथ लांब, एकटा, गुडघ्यांत मान घालून बसला होता. मी तांब्या घेऊन गेलो.

“न्हाय, अण्णा. अंगावर न्हाय तवर पाणी कसं पिऊ?”

“माझ्या गळ्यात आहे की ते.”

“तुमच्या गळ्यात हाय. तहान मला लागलीया.”

त्याचे ओठ पांढरे पडले होते. दहा मिनिटांचं मध्यंतर. त्या दहा मिनिटांपुरतं लिंग त्याच्या गळ्यात परत घालता आलं असतं. तो पाणी प्यायला असता, मग पुन्हा उतरवता आलं असतं. हे मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पण एकदा गळ्यात गेलेलं तो परत उतरवणार नाही, ही भीती होती. म्हणून मी तांब्या घेऊन परत आलो आणि ते पाणी उस्मानच्या डोक्यावर ओतलं.

शेवटच्या काही मिनिटांत नळदुर्गच्या एका गड्यानं चेंडू शेजारच्या ज्वारीत मारला. मुद्दाम. बरोबरीवर वेळ काढायला. दुसरा चेंडू कुणाकडंच नव्हता. पोरं दमली होती, म्हणून मी धावलो, तसल्या गुडघ्यानं. ज्वारी डोक्याच्या वर. पानं तोंडावर सपासप लागत होती, वाकलेली ताटं गळ्याशी अडकत होती. चेंडू सापडला तो पार आत, हरभऱ्याच्या ओळीत. मी तो पोटाशी धरून तसाच बाहेर आलो आणि उस्मानकडं फेकला. त्यानं लांब मारला. मल्लिनाथनं छातीवर घेतला. रिकाम्या छातीवर. पुढचं मी पाहिलं की ऐकलं, आठवत नाही. गोल झाला. थोड्या वेळानं शिट्टी झाली.

पोरं ओरडत माझ्याकडं आली, कुणीतरी मला उचललं. वर, त्यांच्या खांद्यांवर असताना माझा हात छातीकडं गेला. दोरा एकच होता. माझा, नुसता.

मी खाली उतरलो. मल्लिनाथ समोर उभा होता. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. “द्या, अण्णा.”

“पिशवीत ठेवलंय,” मी म्हणालो. “पळताना पडू नये म्हणून.”

पिशवीच्या तळाला माझं होतं. पंपाशेजारी, तेलकट पिवळ्या पडलेल्या कापडात. मी ते काढून त्याच्या ओंजळीत ठेवलं. त्यानं कापडाकडं पाहिलं.

“मळलं की लई.”

“घाम,” मी म्हणालो.

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. फार वेळ नाही. चेंडू येताना बघायचा तेवढाच. मग ते डोळ्यांना लावलं, गळ्यात घातलं, आणि उस्माननं पुढं केलेल्या तांब्यातून पाणी प्यायला. मान मागं टाकून, वरून धार धरून. त्याचा कंठ वरखाली होत होता. अर्धं पाणी छातीवर सांडत होतं, त्या पिवळ्या कापडावर. मी बघत राहिलो. ढाल कुणी आणली, अमीनसाहेब काय बोलले, यातलं काही मला आठवत नाही. तो कंठ आठवतो.

संघ मोटारीनं गावी गेला. काम आहे म्हणून मी मागं राहिलो.

दुसऱ्या दिवशी येळवस. सकाळीच मी त्या ज्वारीत शिरलो. ताटं बाजूला सारत, खाली वाकून, ढेकूळ अन् ढेकूळ उलटत. कापडातून निसटलं असेल तर काळ्या मातीत काळं लिंग शोधणं काय असतं, ते मी कुणाला सांगू शकणार नाही. प्रत्येक खडा तोच वाटतो. दुपारी रानाचे मालक, एक पाटीलबुवा, अंबील शिंपडत पिकातून आले.

“कोण हो तुमी? काय हुडकताय?”

“काल चेंडू इथं आला होता. त्याची वादी ओवायची सुई पडली माझी.”

“एका सुईपायी येळवशीला मातीत लोळताय व्हय?” त्यांनी मला दंडाला धरून कोपीपाशी नेलं. त्यांची म्हातारी आई पांडवांपुढं बसली होती. तिनं माझा गळा पाहिला, दोरा पाहिला.

“लिंगायत दिसता. बरं झालं, शिवाचं माणूस आलं जेवाया. आंघोळपूजा झाली न्हवं?”

“झाली,” मी म्हणालो.

मी जेवलो. अंबील दोनदा घेतली. म्हातारीनं उंडा मोडून त्यावर तेल घातलं. मला भूक होती, हे सांगताना आजही ओशाळायला होतं. दिवस मावळताना पोरं कडब्याचा हेंडगा, म्हणजे पेंढीची मशाल, पेटवून रानाभोवती पळाली आणि त्या उजेडात मी आणखी थोडं शोधलं. मग उठून रस्त्यावर आलो.

मुरुमला गेल्यावर मल्लिनाथला सांगायचं, असं वाटेत ठरवलं होतं. गेलो तर तो घाण्यावर बैल हाकत होता. “शरणार्थी, अण्णा,” म्हणाला. आमच्यातला नमस्कार तो. मीही शरणार्थी म्हणालो. तेवढंच. रोज पूजा करणाऱ्या माणसाला हातावरचं लिंग आपलं नाही हे कळणारच. कळलं असेल, तर तो बोलत का नाही? आणि बोलत नसेल, तर मी कशाला बोलू? असा विचार करत मी आठवडा घालवला, मग महिना.

तो मैदानावर परत आला नाही. घाण्याचं काम वाढलं, असं त्याच्या घरचे म्हणाले. पुढच्या अर्जात मी त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलं. मग गडबडीचे दिवस आले, परवानग्या बंद झाल्या. निजामाचं राज्य गेलं तेव्हा माझा संघ पांगलेला होता आणि मी सोलापूरला होतो.

गिरणीत माझं नाव झालं. कडक मॅनेजर, असं म्हणायचे. एक गोष्ट मात्र मी कधी केली नाही. सामन्याआधी पोरं घड्याळ, ताईत, अंगठी पुढं करायची. “मॅनेजर, ठेवा जरा.” मी हात मागं घ्यायचो. घरी ठेवून या, म्हणायचो. त्यांना वाटायचं, मी जबाबदारी टाळतो. खरंच होतं ते.

या वर्षी निवृत्त झालो. येळवशीला मुरुमला जायला काही निमित्त नव्हतं, तरी गेलो. मल्लिनाथचं रान गावाच्या पूर्वेला आहे, एवढं ठाऊक होतं. बांधावरून चाललो. तो कोपीतून बाहेर आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

“या की, अण्णा. वाटच चुकलाव म्हणायचं.”

त्याची बायको, सुना, नातवंडं पंगतीला बसत होती. माझ्यापुढं अंबिलीचं मडकं आलं. मी ते हातात धरून ठेवलं. तो माझ्या शेजारी बसला. आणि मी, एवढी वर्षं मनात घोटलेलं सगळं विसरून, एकच वाक्य बोललो. “मल्लू, त्या दिवशी मी तुला दिलं ते तुझं न्हवतं.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “वजनानंच कळलं.”

“कधी?”

“वंजळीत पडलं तवाच.”

नातू भज्जी मागत होता. त्यानं त्याला वाढली.

“मग पाणी का पिलास?”

“तुमी बघत होतात की,” तो म्हणाला. थोडा वेळ हरभऱ्याचा घाटा सोलत राहिला. “सगळी पोरं बी हुबी हुती. मी पिलो नसतो तर तुमाला तिथंच बोलावं लागलं असतं. तुमचं तोंड बघितलं आन् पिलो. मग घरी येऊन दोन दिवस काय खाल्लं न्हाय. स्वामीकडून परत दीक्षा घेतली. खेळायचं सोडलं. कुणी परत उतरवाय लावलं तर? नगं म्हणलं.”

मग त्यानं आतल्या खिशातून एक पुरचुंडी काढली. पांढऱ्या, धुतलेल्या, नव्या कापडाची.

“हे तुमचं. रोज माझ्यासंगं हेला बी पाणी घालत आलो. मालक हाय, पर करत न्हाय, मग कुणी तरी करायला पाहिजे हुतं. आता तुमी रिकामं झालाव. न्या.”

मी हात पुढं केला. त्यानं ते ओंजळीत ठेवलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. लाज वाटेल असं वाटलं होतं, तीही नीटशी वाटली नाही. फक्त वजन कळलं. माझं वजन मी विसरलो होतो, त्याला पाठ होतं.

“प्या अंबील,” तो म्हणाला. “उनानं तापतीया.”

मी मडकं खाली ठेवलं. त्यानं पाहिलं. आग्रह केला नाही. येळवशीला शिवारातून कुणी उपाशी जात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. बांधापर्यंत सोडायला आला. “शरणार्थी, अण्णा,” म्हणाला.

ही कालची गोष्ट. रात्रीच्या गाडीनं मी परत आलो. सकाळपासून हा लेख लिहितो आहे. पुरचुंडी टेबलावर आहे, कापड अजून सोडलेलं नाही. खालच्या बाईनं येळवशीची उरलेली अंबील पाठवली, ती खिडकीत झाकून ठेवली आहे. शेजारी पाण्याचा तांब्या आहे, भरलेला. गळ्यात दोरा आहे, नुसता. काल दुपारपासून मी काही प्यायलेलो नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तहान लागली आहे का, ते काही केल्या कळत नाही.